वाळूदादाची फिरलेली मान

आये,

रोशनीचा नमस्कार. वाळूदादा आता शांत झोपलाय. सकाळी भात खाल्ला, काळजी करू नको.

काल ठाण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात आणला तवा लय आरडत होता. नर्सबाई सुई घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी सुईचा त्रास झालेला?" मी नायच म्हणणार होते. मग सांगितलं, गेल्या साली दुसऱ्या दवाखान्यात सुई टोचून डोळखांबला घरी आला नि त्याची मान फिरली, बाहेरचं लागलं.

बाईंनी नर्सचा हात धरला. "बाहेरचं नव्हतं, ती मान त्या सुईतल्या औषधानं फिरली." मग दुसरं औषध दिलं.

त्या सुईचा तवाचा कागद बाईंना बघायचाय, नवसूकाकाच्या हाती पाठव. शेळी व्याली का?

आये, मान सरळ व्हावी म्हणून आपण त्याला मिरच्यांची धुरी दिली. त्याचे हात मीच धरले होते.

तुझी,
रोशनी