साबणाची वडी आणि माझं "हो, हो"

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी खाऊनपिऊन ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

दादाने अर्धवट सांगितलंच असेल, म्हणून पूर्ण ऐक. दुकानात सवयीने सगळं आपल्याच कापडी पिशवीत टाकत गेले आणि पैसे देताना साबणाची एक वडी तळाशीच राहिली. दुकानवाल्यांनी दारातच अडवून पोलीस बोलावला. तो विचारत होता, "मुद्दाम घेतलीस?" मी घाबरून मान डोलावत "हो, हो" करत राहिले, तू फोनवर मावशीचं ऐकताना करतेस ना, तसं. त्याने लिहून टाकलं, गुन्हा कबूल!

वकील म्हणतात, गुन्हा मान्य कर, दंड भर आणि मोकळी हो. पण कॉलेजात व्हिसाचं बघणाऱ्या बाईंनी बजावलंय, चोरीचा ठपका बसला तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. म्हणून सोमवारी कोर्टात मी "नाही" म्हणणार आहे. आपल्या घरात मोठ्यांना नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे रोज आरशासमोर सराव चाललाय. आवाज अजून थोडा कापतो, एवढंच.

दादा म्हणतो, गाशा गुंडाळ आणि परत ये. त्याला म्हणावं, माझं पहिलं "नाही" तुलाच.

तुझी,
शेंडेफळ