थंड इंजिनचा आवाज

रविवार, संध्याकाळ

गजूभाऊ मिस्त्रीचं तोंडही पाहायचं नाही आता. काल साखरखेर्ड्याच्या रोडवर माझी गाडी चालता चालता जाम झाली. आज सिलिंडर उघडला तर नव्या फोर्ज्ड पिस्टनवर उभे ओरखडे.

तीन महिने मी दोन पिस्टन कंपेअर करत होतो. एक टाइट बसणारा, शांत. दुसरा फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, जास्त स्ट्राँग, पण गरम झाला की जास्त फुगते, म्हणून त्याले सिलिंडरच्या भिंतीपासून गॅप जास्त लागते. थंड असला की तो खडखड करणारच. मी तोच घेतला. इंजिन बांधायले देताना गॅपचा आकडा कागदावर लिहून गजूभाऊले दिला होता.

विचारलं, "गॅप कमी काऊन ठेवला?"

"माह्या गॅरेजातून खडखड करणारी गाडी बाहेर जात नाही बे. लोक म्हणतीन, गजूले इंजिन बांधता येत नाही. तुह्या इंग्लिश कागदावर माहं दुकान चालते काय?"

म्हणजे याच्या इज्जतीसाठी माझा पिस्टन गेला. कागद तिथंच टेबलावर होता, त्यावर चहाचा ग्लास. जाम भांडलो.

पण मंगळवारी पहिली किक मारली तेव्हा इंजिन थंड होतं, अन् खडखड नव्हती. गॅप कमी आहे, मले तेव्हाच समजलं होतं. पण गॅरेजातले सगळे म्हणाले, "काय मस्त आवाज आहे राजा," अन् मी पण हसून मान हलवली.

एवढं भांडलो, पण हे गजूभाऊले बोललो नाही.