ओढ्यावरची रेघ मी उपटली

३ मार्च
मी सांगते, दीक्षा लिहिती. अक्षर नातीचं, डोकं माझं. मला लिहिता येत न्हाई, हाणता येतं.
गावच्या वार्डाची नवी रेघ सरकारनं ओढ्यावरनं काढली. आमची बौद्धवस्ती मधोमध चिरली. पल्याडची घरं जुन्या वार्डात राहिली, अल्याडची, आमच्या घरासकट, गावचा जुना कारभारी पोपटराव, त्याच्या भावकीत बुडवली. आता वस्तीचा मेंबर निवडून यायचा कसा? यंदा माझी सून राजश्री उभी राहायचीय. ती म्हणली, आत्या, शिरूरला तहसीलात हरकतीचा अर्ज देऊ, नऊ तारखेपतोर मुदत हाय.
म्हणलं, कागदानं कवा बांध हललाय व्हय?

६ मार्च
ओढ्याच्या कडंनं पिवळे दगड घावले. हीच ती रेघ! ठराव केला : उपटायचे. दीक्षा म्हणली, आजी, ते गॅसच्या पायपाचे हायेत.
शिकलेल्या पोरी लई घाबरतात.

९ मार्च, सकाळ
आज अर्जाचा शेवटचा दिवस. राजश्री पिशवी घेऊन निघाली व्हती, दारातनं वळवली. आधी दगड, मग शिरूर.

९ मार्च, सांज
जिंकलो. सरकारी दवाखान्यातनं सांगते.
दगड पोपटरावाच्या बांधाला लागून. त्याची माणसं काठ्या घेऊन आली. शेजारच्या धुरपदानं एकाच्या डोळ्यात चटणी फेकली, दुसऱ्याचं मनगट चावलं. मी पोपटरावाच्या कानशिलावर धोंडा घातला. रगात गळ्यापतोर. आडवाच झाला गडी! मग माझा हात मोडला, ते आपलं किरकोळ. राजश्रीचं डोकं फुटलं. टाके पडंस्तवर तहसील बंद झालं. अर्ज पिशवीत भिजून लाल.
काय बिघडलं? सगळे दगड ओढ्याच्या डोहात. रेघ मिटली.

२८ मार्च
पायपाच्या कंपनीनं माझ्यावर केस केली. कंपनीचा काय संबंध?

१४ एप्रिल
विहारात वंदना करून आले. राजश्री पल्याडच्या वार्डातनं उभी. चिन्ह कपबशी. म्हणती, आत्या, आपलं मत अल्याडला, ते मला पडायचं न्हाई. डोक्याचा मार अजून उतरला न्हाई तिचा.
अल्याडच्या बायांना दम दिला : कपबशी सोडून दुसरं बटन दाबलं, तर बोटं मोडीन. धुरपदा म्हणली, एका हातानं कशी मोडशील गं?

२६ एप्रिल
मतदान. मशीनवर कपबशी दिसली. मोडक्या हातानं दाबली. बायांनी बी दाबली. पोपट्या आता रडतोय.

२७ एप्रिल
राजश्री पडली. थोडक्यात.
अल्याडला पोपटरावाची सून निवडून आली. त्याची भावकी फुटली व्हती, आमच्या बायांनी तारली. तिचं चिन्ह कपबशी. दीक्षा म्हणली, आजी, वार्ड बदलला की तेच चिन्ह दुसऱ्याचं असतं.
सांजच्याला पोपटराव पेढे घेऊन दारात. कानावर पट्टी तशीच. म्हणला, विठामावशी, तुमचे लई उपकार झाले.
मी हाताशी धोंडा चाचपला. एक न्हाई घावला. सगळे डोहात.