पूर्ण तीन मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
बरोबर या वेळी बॉक्सिंग क्लासच्या फळ्यावर कोचने माझं नाव रिंगच्या यादीतून पुसलं आणि 'खुर्ची बॅच'मध्ये लिहिलं. मला न विचारता. म्हणाला, आजी, बसूनही ठोसे मारता येतात, गुडघ्यांना आराम. मी म्हटलं, आजी तुझ्या घरी, इथे मॅडम. फळ्याच्या वर पाटी: कम्फर्ट झोनच्या बाहेर या. खाली माझ्यासाठी गादीची खुर्ची!
बरंच भांडल्यावर ठरलं: २८ तारखेला रिंगमध्ये, क्लासमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर एक फेरी. पूर्ण तीन मिनिटं उभी राहिले तर नाव परत वर. नाहीतर खुर्ची, कायमची.
संकल्प: रोज पाचला उठणे. दोरीवरच्या उड्या शंभर.

४ फेब्रुवारी
पाचला उठले. परत झोपले, पण उठले होते हे महत्त्वाचं.
उड्या अकरा. दोरी आखूड आहे.

७ फेब्रुवारी
दोरी बदलली. उड्या नऊ. ही फार लांब आहे.
मुलगी म्हणते, आई, कशाला हा हट्ट? फिरायला जा ना साधं. तिला काय कळणार. एकतीस वर्षं शाळेत परीक्षेची घंटा माझ्या हातात होती. दोनच मिनिटं द्या म्हणून पोरं रडायची, मी पेपर ओढून घ्यायचे. कुणाला एक मिनिट जास्त दिलं नाही, कमीही नाही. निवृत्त झाल्यापासून मला मात्र सगळे सगळं कमीच देतात. चहा अर्धा कप. पिशवी हलकी. बातमी अर्धी.

११ फेब्रुवारी
पॅडवर ठोसे मारले. काय दणका आहे मॅडम, म्हणाला कोच. मी हात उचलायच्या आतच तो पॅड माझ्या मुठीवर आणून आपटतो. नवीन तंत्र असावं.

१५ फेब्रुवारी
गेले नाही. थकवा नव्हे. ढगाळ होतं.

१९ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीचा फोन. ताई, या वयात नाक मोडलं तर शोभेल का? म्हटलं, तुझ्यासारखं जन्मभर मुरडून ठेवण्यापेक्षा मोडलेलं बरं. तिने फोन ठेवला. आठवड्यातला माझा एकमेव नेमका ठोसा.
उड्या सहा.

२७ फेब्रुवारी
विश्रांती हाही सराव असतो. दिवसभर सराव केला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०
झालं! उभी राहिले! डॉक्टरीणबाईंचा एकही ठोसा लागला नाही. माझं फूटवर्क. घंटा झाली तेव्हा पाठ दोराला टेकली होती, पण टेकणं म्हणजे बसणं नव्हे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोचने स्वतः खडू घेऊन नाव वर लिहिलं.
तीन मिनिटं किती भरकन गेली. शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणायच्याच, मन लावलं की वेळ कळत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.१५
मुलीने सकाळी काढलेला व्हिडिओ कौतुकाने दाखवला. घंटेपासून घंटेपर्यंत एक मिनिट बावीस सेकंद. परत लावायला सांगितला. एक बावीस.
डॉक्टरीणबाई माझ्यापासून हातभर लांब हवेत ठोसे मारताहेत. कोच घड्याळाकडे बघतच नाही, माझ्या गुडघ्यांकडे बघतोय. ते लटपटताहेत, खोटं कशाला लिहू. मग त्याने घंटा दिली.
मुलीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, आई, पडली असतीस गं.
पडले असते. पण माझ्या वेळेत पडले असते.

पत्राचा मसुदा:

कोच यांस,
आज आपण माझे एक मिनिट अडतीस सेकंद आधीच कापून घेतलेत. दया म्हणून घंटा देणं मी एकतीस वर्षांत एकदाही केलं नाही, आणि मला ती कुणी दिलेली चालणार नाही. फळ्यावरचं माझं नाव पुसावं. मीच पुसलं असतं, पण सकाळपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
माझी उरलेली वेळ मला कधी मिळणार, याचं लेखी उत्तर सोमवार, ३ मार्च, सकाळी ६.४० च्या आत द्यावं. एक मिनिटही वाढवून मिळणार नाही. उत्तर घ्यायला मी जातीने येईन.
दाराशी खुर्ची ठेवावी.