मे महिना अंदाजात धरत नाहीत

१६ एप्रिल, सकाळी ९
नवीन वही. आजपासून मी राजवीरच्या पाचगाव रोडच्या साईटवर हवामान सल्लागार. नेमणूक तोंडी. पोरगा म्हणाला, आबा, घरात एकटंच भिंतीकडं बघत बसताय, त्यापेक्षा साईटवर येऊन बसा की. याचा अर्थ त्याला माझी गरज आहे. सरळ 'मदत करा' म्हणायला बिल्डर लोकांना जड जातं. राजवीरची आई संयोगिता गेल्यापासून पाच महिने मी घरीच होतो हे खरं. पण रिकामा नव्हतो. विचार करत होतो.
अनुभव : चंदगडला एकतीस वर्षं पर्जन्यमापकाची नोंद. रोज सकाळी साडेआठला. काही दिवस अंदाजे.

१६ एप्रिल, संध्याकाळी
हंगामी अंदाज वाचला. जून ते सप्टेंबर, सरासरीइतका पाऊस. म्हणजे मे कोरडा. त्याचं नावच नाही त्यात. एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही.

१९ एप्रिल
तक्ता तयार. तीन रंगांत. पावसाळापूर्व तयारी! १ जून : ताडपत्री आणणे. २ जून : कामगारांच्या शेडचे पत्रे दोरीनं बांधणे, वर वाळूची पोती. ३ जून : गटारं मोकळी करणे. ४ जून : राखीव. लॅमिनेट करून ऑफिसात दारामागं लावला. दारावर लावला तर ऊन लागून रंग उडतात.
साईट इंजिनिअर आदिती म्हणाली, काका, हे आत्ताच करून घेऊया की, वळीव कधी पण येतोय. पोरगी चणीनं लहान, आवाज मोठा. मी हसलो. वळीव हा पाऊस नव्हे. म्हणजे असतो, पण हंगामात मोजत नाहीत.

२६ एप्रिल
उद्यापासून पहाटे पाचला उठून पश्चिमेचं आभाळ बघणार. चहा बिनसाखरेचा.

२७ एप्रिल
सव्वाआठला उठलो. आभाळ मोकळं. पाचला काही असतं तर अजून दिसलं असतं. चहात साखर दोन चमचे.

४ मे
बायडाबाईनं दोरी मागितली. ती आणि तिचा नवरा आमच्याकडं विटा वाहतात, साईटवरच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. म्हणाली, आण्णा, वारं सुटलं की पत्रा नुसता थडथड करतोय, जीव घाबरतोय. तिला तक्ता दाखवला. २ जून. वाचता येत नाही म्हणाली, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला. बरं म्हणून गेली. समजूतदार बाई. कामगार मला मानतात.

१२ मे, दुपारी
मोठी मीटिंग. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब परवा टाकायचा की नाही. आदितीनं मोबाईल पुढं केला. परवा दुपारनंतर वादळी वारं, गारा. म्हणाली, चार दिवस थांबलो तर काही बिघडत नाही, आणि टाकायचाच असेल तर आधी ताडपत्री आणा, शेड बांधा. मी म्हटलं, असले इशारे भाजीवाल्यासारखे रोज दारात येतात. हंगामी अंदाज कसा, चार महिन्यांचा विचार करून येतो. राजवीरनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, आबा म्हणतात तर टाकूया.
आबा म्हणतात तर टाकूया! जन्मात पहिल्यांदा. दहावीनंतर कुठली लाईन घ्यायची तेव्हा नाही, लग्न ठरवताना नाही. आज. घरी येऊन संयोगिताच्या फोटोला सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली. स्वयंपाकाच्या मावशी बघतच राहिल्या.

१४ मे, सकाळी ११
स्लॅबचं काम जोरात. ऊन रखरखीत. आदितीला बोटानं आभाळ दाखवलं. नाद खुळा!

१४ मे, संध्याकाळी
वळीव आला.

१५ मे
शांतपणे लिहितो.
पावणेचारला वारं सुटलं. मग गारा, मग पाऊस. निम्मा स्लॅब टाकून झाला होता. वरचं सिमेंट धुऊन खाली आलं, खडी उघडी पडली. झाकायला काही नव्हतं. शेडचे पत्रे उडाले. बायडाबाई आतलं पीठ आणि अंथरूण वाचवायला धावली, तेवढ्यात एक पत्रा तिच्या उजव्या हातावर बसला. कोपराखाली दोन ठिकाणी मोडलाय.
माझं म्हणणं असं की अंदाज चुकलेला नाही. अंदाज जून ते सप्टेंबरचा. मे महिना अंदाजात धरत नाहीत. उरलेला निम्मा स्लॅब टाकलाच नव्हता, म्हणजे तो वाचला, हे कुणी बोलत नाही. आदिती म्हणते टाकलेला सगळा फोडावा लागणार. तिला फोडायची हौसच आहे. दोरीची तारीख २ जून होती. मी आधीच सांगितलं होतं. वाचून दाखवलं होतं.
जेवलो नाही.

१७ मे
दवाखान्यात गेलो. सफरचंदं नेली. माफी मागायची ठरवलं होतं, म्हणजे तशी गरज नव्हती. तर बायडाबाईच म्हणाली, आण्णा, वारं काय तुमास्नी इचारून येतंय व्हय? म्हणजे तिला माझं पटलंय. मग प्लास्टरकडं बघून म्हणाली, उजवाच हात हाय, भाकरी कशी थापू? नवरा म्हणाला, मी थापतो की. ती म्हणाली, तुमची भाकरी जात्याच्या पाळीएवढी जाड. दोघं हसली. मीही हसलो.
बाहेर जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. नर्सनं विचारलं, बाबा, काय होतंय का? म्हटलं, गुडघा दुखतोय. माफीचं राहूनच गेलं.

२० मे
राजवीर ओरडला नाही. सहा दिवस मी उत्तरं पाठ करून बसलोय आणि हा ओरडतच नाही. आज फ्लॅटवाली माणसं आली होती, चिडलेली. त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाला, निर्णय माझा होता, चूक माझी. मी कोपऱ्यात खुर्चीवर. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकदा खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं. मी त्याला लहानपणी खडसावायचो ते आपला समजूनच की.
जाताना म्हणाला, आबा, ऊन लई हाय, तुम्ही आता घरूनच सांगत जावा. वर्क फ्रॉम होम. मोठ्या कंपन्यांत सीनियर लोकांनाच देतात.

२९ मे
रोज सकाळी सहाला साईटच्या ग्रुपवर अंदाज टाकतो. वारा, ढग, सूचना. कुणीही हरकत घेतलेली नाही. म्हणजे मान्य आहे.

२ जून
आज शेड बांधायचा दिवस. राजवीरला फोन करून आठवण दिली. म्हणाला, दोरी, पोती, ताडपत्री सगळं झालंय, आबा. कधी, विचारलं. म्हणाला, १५ मेलाच, आदितीनं उभं राहून करून घेतलं. तारखा कुणी पाळायच्याच नाहीत म्हटल्यावर काय बोलायचं?

७ जून
ग्रुपमध्ये आधी नऊ जण होते. आज मोजले तर दोघं. मी आणि राजवीर. आदिती नाही, मुकादम नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. राजवीरच्या मात्र रोज निळ्या खुणा दिसतात. सहा वाजून पाच मिनिटांनी, सहा वाजून दहा मिनिटांनी. वाचतो पोरगा.

११ जून, सकाळी ११
राजवीरचा फोन आला. स्वतःहून. म्हणाला, आबा, आज बाहेरचं काम काढलंय, पाऊस येईल का?
ऊर भरून आला. गॅलरीत गेलो. इकडं घरी शाहूपुरीत लख्ख ऊन, वारा मंद. ठणकावून सांगितलं, आज कोरडं, बिनधास्त काढा काम. त्याला ऐकू आलं नाही. काय म्हणालासा, म्हणून ओरडला. मी पण ओरडून सांगितलं, पाऊस नाही, पाऊस नाही! खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मग विचारलं, एवढा कसला आवाज रे? म्हणाला, मिक्सरचा, आबा. मागनं आदितीचा आवाज आला, ताडपत्रीचं ते टोक दाबून धरा म्हणून.
पत्र्यावर पडणारा पाऊस मला ओळखू येत नाही व्हय.
धो धो पावसात उभा राहून त्यानं मला विचारलं, पाऊस येईल का. एवढं काम सोडून. आणि मी दोनदा सांगितलं, येणार नाही.
बरं झालं सांगितलंसा म्हणाला. जेवून घ्या म्हणाला. उद्या परत विचारतो म्हणाला. काहीतरी लपवल्यासारखा बोलत होता, तरी ओरडूनच.
मी बरं म्हटलं.