बावीस टिंबं, अडतीस रेघा

३ फेब्रुवारी १९४७
आले एकदाची! सायकल, ट्रंक आणि आईनं बळेच बांधून दिलेल्या बटाट्याच्या पोळ्या. यॅरनच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यानं टोपी पळवली, तरी मी हसतच राहिले. बटाट्याच्या शेताच्या टोकाला माझी खोली: एक शेगडी, एक खिडकी, एक रेडिओ. तारघरातल्या आठ वर्षांच्या कटकटीनंतर ही चैनच. केंद्रप्रमुख ओम्मुन साठीचे, अबोल. त्यांनी शेगडी पेटवून ठेवली होती आणि कॉफी चक्क खरी होती.

काम सोपं आहे. केंद्राचे मनोरे रेडिओवर आधी टिंबं, म्हणजे तोकडे आवाज, पाठवतात, मग रेघा, म्हणजे लांब आवाज, मिळून साठ. समुद्रावरचा माणूस ती मोजतो आणि टिंबं किती आली त्यावरून नकाशावर आपली रेषा शोधतो. टिंबं संपून रेघा सुरू होतात त्या सांध्यात एकदोन आवाज बुडतात, ती दोन्हीकडे निम्मी वाटायची. माझी खोली जागची हलत नाही, म्हणून मला रोज बावीस टिंबं आणि अडतीस रेघाच मिळायला हव्यात. तसं झालं नाही तर केंद्र बिघडलं समजायचं आणि ओम्मुनना कळवायचं, नाहीतर हेरिंग मासळीच्या बोटी खडकावर जातील.

५ फेब्रुवारी
बावीस, अडतीस. जेवताना ओम्मुन सहज बोलून गेले की युद्धात जर्मनांनी हे केंद्र पाणबुड्यांसाठी उभारलं, तेव्हाही या खोलीत मोजायला ते स्वतःच बसत. मी ताट बाजूला सारलं. माझा भाऊ तार्यई जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचा. तीन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, पाणबुडीनं त्याचं जहाज बुडवलं. आणि मी या माणसाच्या हातची कॉफी तीन दिवस मिटक्या मारत पितेय! झोप कशी लागते, असं मी विचारलं. कोण ऐकतंय ते मनोऱ्याला कळत नसतं, म्हणाले. मनोऱ्याला नसेल कळत. तुम्हाला कळत होतं ना?

८ फेब्रुवारी
चोवीस. तीनदा मोजलं. डोकं तापलेलं, चुकले असेन. वहीत बावीस लिहिलं.

१० फेब्रुवारी
सत्तावीस. बंदरात फोन केला. रेषा अगदी चोख मिळतेय, असं सगळे नाखवे म्हणतात. मग चुकतंय काय? ओम्मुनना बोलावून हेडफोन पुढे केले, तर त्यांनी हात खिशात घातले. बावीस लिही, म्हणाले, आणि गेले. लाज नाही या माणसाला. काय लपवतोय हा?

१२ फेब्रुवारी
एकतीस. नकाशावर पट्टी ठेवली. बावीसची रेष माझ्या खोलीवरून जाते. एकतीसची किनारा सोडून समुद्रात. केंद्र बरोबर आहे, नाखवे बरोबर आहेत, म्हणजे मीच जागची हल— कपातली कॉफी एका बाजूला कलते आणि परत येते. ओठांवर मीठ. वहीत तरी बावीसच लिहिलं.

१४ फेब्रुवारी
छत्तीस. ओम्मुनना गाठलं. आज बोलले.

“तुझ्या भावाच्या जहाजामागं पाणबुडी होती. तिला चाळीस टिंबं मिळत होती. जर्मन अधिकाऱ्यानं मला विचारलं, केंद्र नीट आहे ना. मी इथं बसून मोजली आणि नीट आहे म्हटलं. बिघडलंय म्हटलं असतं, तर ती वाट चुकली असती.”

मग खाली बघत म्हणाले, “त्यानंतर मलाही बावीसच्या पुढं ऐकू यायला लागलं. एकोणचाळीसला हेडफोन काढून ठेवले, ते परत लावले नाहीत. कुणीतरी मोजायला हवंच होतं ना, पोरी.”

कुणीतरी. म्हणून मला घेतलं. बुडालेल्यांच्या यादीतलं आडनाव माझ्या अर्जात वाचूनही.

१५ फेब्रुवारी
ट्रंक भरून बसमध्ये बसले. हेडफोन नसतानाही— अडतीस. पायाखाली पाणी. बसमध्ये. कुणालाच दिसलं नाही.

उतरले, परत आले. कामासाठी नाही. ओम्मुनसाठी.

१६ फेब्रुवारी, दुपार
यंत्र बंद पडलं सांगून ओम्मुनना बोलावलं. ते आत येताच मी दाराला कुलूप घातलं. किल्ली खिडकीतून भिरकावली. हेडफोन त्यांच्या डोक्यावर मीच चढवले— मला आता लागत नाहीत.

म्हणाले, बावीस लिही, सोड मला. मी म्हटलं, “तुम्ही मोजा. मोठ्यानं.”

मोजतायत. रडतायत. मला दया येत नाही.

पाणी गुडघ्याला. खिडकीत शेत नाही—

सदतीस— अडतीस—

टिंबं नाहीत ही. खालून जमिनीच्या फळीवर कुणीतरी कोळशाचं फावडं हाणतंय. आतून. भट्टीवरच्या माणसांना वर यायला दार मिळालं नव्हतं, असं आईला आलेल्या पत्रात—

एकोणचाळीस. ओम्मुननी हेडफोन ओरबाडले. तरी मोजतायत. तोंड थांबत नाही त्यांचं.

चाळीस.

आता रेघा यायला हव्यात. येत नाहीत. फावडंच— जवळ— तार्यई, मीही बावीस लिहिलं रे, रोज बावीसच लि