तळ्यातले मासे जिवंत होते

नागपूर, सप्टेंबर १९५७

प्रिय गुणवंत,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. धानोऱ्यापुढे मंगरूच्या गावच्या तळ्यात बेडूक मेले.
२. गावाने पाण्यात विष कालवलं, अशी तक्रार तू केलीस.
३. मंगरू तिथला मुखिया, म्हणून पोलिसांनी त्याला नेलं.
४. विष माझ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत सापडलं, असं तू त्यांना सांगितलंस.

मी तेव्हा त्या तळ्याचं पाणी पाहिलंही नव्हतं. म्हणून गेले. काठावर मेलेले बेडूक, मांड्यांवर लाल फोड, कातडी सुटलेली. पाण्यात मात्र मासे उसळत होते. मंगरूची बायको सुकरी मला नीट न्याहाळून म्हणाली, “बाई, आमी झाडाची साल पान्यात टाकून मासे गुंगवतो अन् धरतो, ते खरं हाय. पन मासे जित्ते अन् बेडकं मेले! बेडकालेच वळखते, असं कोनतं जहर हाय तुमच्या सायबाजवळ? थोडं आमाले बी द्या.” बाजूच्या बाया हसल्या. मला हसता आलं नाही.

मेलेल्या बेडकांचं यकृत वाटून तो रस मी चिनीमातीच्या गाळणीतून काढला. तिच्यातून जीवाणू जात नाहीत. तो गाळलेला रस निरोगी बेडकांना टोचला. त्यांना तेच फोड आले, ते मेले. त्यांच्या रसाने पुढचे मेले. विष असं एकातून दुसऱ्यात वाढत जात नाही. हा विषाणू आहे.

तो कुठून आला, हे सुकरीनेच दाखवलं. कॉलेजांना चिरायला पुरवायचे म्हणून सिरोंच्याकडून आणलेले बेडूक तुझ्या हौदात आजारी पडले, तेव्हा उरलेली पोती तू याच तळ्यात रिकामी केलीस. तिने पाहिलं. तुझा माल रोगी निघाला हे कळून गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तुला कोणीतरी गुन्हेगार हवा होता.

लग्न ठरलं तेव्हा तू विचारलं होतंस, या पदवीचा घरात उपयोग काय? तू बरा शोधलास.

सोमवारी गडचिरोलीला मंगरूचा खटला उभा राहील. माझ्या साक्षीने तो सुटेलच. मेलेल्या बेडकांच्या बरण्या बांधून तयार आहेत. पण मग तू नुसता हरशील आणि लोकांना सांगशील की ठरलेलं लग्न मोडलं म्हणून ती सूड घेते. सूड तर मी घेतेच आहे. म्हणूनच मला ते तुझ्या तोंडून हवं आहे, कोर्टात, मंगरू आणि सुकरी समोर बसलेले असताना. पोती तू ओतलीस, आणि माझं नाव खोटं घेतलंस. एवढं बोलायचं.

बोलणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.

आता तुझी नसलेली,
कमळा